बिग वेलचे कान

बिलॉक्सीच्या मैदानावरचा कार्यक्रम भर दुपारी होता. ऑगस्टचं ऊन, समोर घडीच्या खुर्च्या आणि त्यांत बिग वेलच्याच वयाची माणसं, पोटं सुटलेली, गुडघे धरणारी, नातवंडं सोबत घेऊन आलेली. वेलनं चार गाणी म्हटली. लोकांनी टाळ्या दिल्या, पण सगळे वाट बघत होते ती पाचव्या गाण्याची. 'डिकी वाजव'चा पहिला ठोका पडला आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या. म्हाताऱ्या बायका कमरेवर हात ठेवून डोलायला लागल्या. वेल गात होता आणि गाताना त्याच्या डोक्यात चाललं होतं की घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडायचे.

त्याचं खरं नाव लाव्हेल पेटवे. अलाबामातल्या मोबील शहरात ते नाव फक्त त्याची आई आणि चर्चमधल्या बायका घेत. बाकी सगळ्यांसाठी तो बिग वेल. विशीही गाठली नव्हती तेव्हा आजीच्या घराच्या मागच्या खोलीत, उसन्या ड्रम मशीनवर त्यानं ते गाणं केलं होतं. गाण्यात फारसं काही नव्हतं. एक पोरगा गाडी घेऊन गल्लीतून जातो, गाडीतल्या आवाजानं डिकीचं झाकण थडथडतं आणि सगळी गल्ली बाहेर येऊन बघते, एवढंच. पण त्याखालचा बेस, तो जाड घुमणारा आवाज, वेलनं असा बसवला होता की ऐकणाऱ्याच्या बरगड्या हलाव्यात. तो आणि त्याचा दोस्त कोर्टेझ बेटिस, म्हणजे टेझ, आजीच्या जुन्या ब्युइक गाडीत कॅसेटी भरून फुटबॉलच्या मैदानांबाहेर उभे राहायचे. न्हाव्यांच्या दुकानांत, तळलेल्या माशांच्या टपऱ्यांवर कॅसेटी ठेवायचे. एका उन्हाळ्यात पेन्साकोलापासून हॅटिसबर्गपर्यंत डिक्या वाजायला लागल्या. मग अटलांटाहून एका कंपनीचा फोन आला.

दोन वर्षं मजेत गेली. कंपनीला दुसरी 'डिकी वाजव' हवी होती. वेलनं आजोबांवर गाणी केली. कागदाच्या गिरणीत जन्म काढलेला, अंगाला कायम सडक्या अंड्यासारखा वास येणारा तो माणूस त्यानं अख्ख्या अल्बममध्ये बसवला. अल्बम कुणी घेतला नाही. कंपनीनं भांडण केलं नाही की हाकललंही नाही, फक्त फोन उचलणं बंद केलं. वेल मोबीलला परतला आणि एक बंद पडलेली लाँड्री घेऊन तिथं स्वतःचा स्टुडिओ थाटला. पुढं मोबीलजवळच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या पोरांची गाणी तिथं झाली. बीट, म्हणजे गाण्याखालचा ठेका, वेलची, नाव पोरांचं. मग वारं बदललं, बीटची तऱ्हा बदलली आणि स्टुडिओतली वर्दळ आटली. शनिवार-रविवारचे कार्यक्रम तेवढे राहिले. तेच गाणं, तोच ठोका आणि मागून प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द ओरडणारा टेझ.

टेझचं आता टायरचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी तो वेलला ट्रकमधून कार्यक्रमाला न्यायचा आणि वाटभर त्याची खेचायचा.

"आज दुसऱ्या कडव्यात श्वास कुठं गेला रे तुझा?" बिलॉक्सीहून परतताना तो म्हणाला. "मला वाटलं, स्टेजवरच प्रार्थना म्हणावी लागते आता."

"तू तुझे शब्द सांभाळ. पस्तीस वर्षं झाली, अजून अर्धा ठोका उशिरा ओरडतोस."

"तो उशीर नसतो लेका, ती स्टाइल असते."

वेल हसला. मग खिशातून फोन काढून ट्रकच्या स्पीकरला जोडला. "जरा गप्प बस आणि हे ऐक. नकियाची तीन गाणी. काल संपवली."

नकियाचं नाव घेताना त्याचा आवाज नेहमी जरा सरळ व्हायचा. ही पोरगी काही वर्षांपूर्वी कपड्यांची टोपली काखेत घेऊन त्याच्या स्टुडिओत शिरली होती. लाँड्री बंद झाल्याचं तिला माहीत नव्हतं.

"इथं कपडे धूत नाहीत?" तिनं विचारलं होतं.

"नाही. इथं गाणी धुतात."

त्यावर तिनं त्याला, त्या इमारतीला आणि अख्ख्या शहराला एका दमात जी काही शिव्यांची लाखोली वाहिली, ती अशी ठोक्यात होती की वेलनं तिला तिथंच माईकसमोर उभं केलं. आता ती अटलांटात राहायची आणि तिचं नाव सगळीकडे होतं. दोन वर्षांपूर्वी दोघांनी मिळून केलेलं 'मीठ' हे गाणं देशभर वाजलं. 'बिग वेलचा हात अजून तसाच आहे,' असं लोक म्हणाले. त्या एका वाक्यावर वेलनं ही दोन वर्षं काढली होती.

पहिलं गाणं सुरू झालं. टेझनं थोडा वेळ ऐकलं, मग हात पुढं करून आवाज कमी केला. वेलनं पुन्हा वाढवला.

"अरे, थांब," टेझ म्हणाला. "मागं ते काय चाललंय? मासे तळतोयस का?"

"काय?"

"ती झांज. चर्र चर्र चर्र. दाढेत कळ गेली माझ्या. पोरीचा आवाजच ऐकू येईना."

"ती हाय-हॅट आहे आणि ती कुठं असायला हवी ते मला कळतं. टायर बदलणाऱ्यानं मला मिक्सिंग शिकवू नये."

"टायर बदलणाऱ्याला कान आहेत," टेझ म्हणाला.

वेलनं फोन काढून खिशात टाकला. पास्कागोलाजवळ पेट्रोल भरायला थांबले. टेझनं उकडलेल्या शेंगा आणल्या आणि दोघं झाडाच्या सावलीत ट्रकच्या मागच्या फळीवर बसून खायला लागले. टेझ वर बघत म्हणाला, "काय उच्छाद मांडलाय यांनी. डोकं उठवलं."

"कुणी?"

"कुणी काय? हे किडे. झाडावरचे."

वेलनं मान वर केली. पानं हलत होती. पलीकडून ट्रकांची घरघर येत होती. बाकी काही नाही.

"कुठले किडे?" त्यानं विचारलं.

टेझच्या तोंडाशी विनोद आला होता, तो त्यानं गिळला. हातातली शेंग न सोलताच त्यानं पुडीत टाकली. "वेल," तो हळू म्हणाला, "अरे, सगळं झाड ओरडतंय."

घरी आल्यावर वेलनं बायकोला सांगितलं. ऑर्लिन भांडी विसळत होती. ती वळलीसुद्धा नाही. "टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना पाठ झालाय," ती म्हणाली. "मायक्रोवेव्ह शिट्ट्या मारून दमतो आणि तू त्याच्यासमोर उभा असतोस. मी किती वेळा म्हटलं, कान दाखव? तुला वाटलं, मी टोमणे मारतेय."

"मारतच होतीस."

"मारत होते. पण खरे होते ना?"

तिनंच दवाखान्यात नेलं. काचेच्या खोलीत बसवून कानात वेगवेगळे आवाज सोडले. ऐकू आला की बटण दाबायचं. वेलनं पुष्कळदा दाबलं. नंतर पुष्कळ वेळ गेला आणि बोट नुसतंच बटणावर राहिलं. तपासणाऱ्या बाई सौम्य होत्या. जाड, खालचे आवाज तुम्हाला उत्तम येतात, त्या म्हणाल्या, पण बारीक आणि उंच आवाज गेलेत. इतकी वर्षं मोठ्या स्पीकरपुढं बसलात, त्याचं हे. गेलेलं परत यायचं नाही, यंत्रानं थोडी मदत होईल. वेलनं मान डोलावली. गाडीत बसल्यावर ऑर्लिननं त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि चावी फिरवली. रडावं असं त्याला वाटलं नाही. फक्त कितीतरी दिवस चालून आल्यासारखा तो थकला होता.

नकिया त्याच आठवड्यात आली. अटलांटाहून एकटीच गाडी चालवत आली, येताना प्रिचर्डला आईकडे उतरून भेंडीचा गम्बो, तो दाट रस्सा, घेऊन आली. "काका, आधी खा, मग ऐकवा," ती म्हणाली.

"आधी ऐक," वेल म्हणाला. गाणी नव्हती लावायची त्याला, बोलायचं होतं. त्यानं सरळ सांगून टाकलं. कान गेलेत, वरचे आवाज येत नाहीत, म्हणून ते मी वाढवत गेलो, ही तिन्ही गाणी बिघडलेली असणार, आणि ती कुठं बिघडलीत हेसुद्धा मला कळत नाही.

नकियानं डबा टेबलावर ठेवला. तिला धक्का बसायला हवा होता, निदान खोटा तरी. बसला नाही. ती आपल्या नखांकडे बघत राहिली.

"तुला माहीत होतं," वेल म्हणाला.

"काका..."

"केव्हापासून?"

 तिनं एकदम सगळं सांगून टाकलं. "'मीठ'पासून. तुम्ही पाठवलेलं गाणं लावलं आणि ऑफिसमधल्या लोकांनी कान झाकले. ते म्हणाले, दुसरीकडून बीट घे. मी म्हटलं, बीटला हात लावायचा नाही. मग रोमेननं, माझ्याकडच्या इंजिनियरनं, एकेक आवाज खालीवर करून सगळं परत मिक्स केलं. नाव तुमचंच ठेवायचं, असं मी त्याला सांगितलं. तो हो म्हणाला."

"म्हणजे जे वाजलं ते माझं नव्हतं."

"बीट तुमची होती. बेस तुमचा होता. त्यानं फक्त..."

"लोकांनी बिग वेलचा हात म्हटलं, हात! दोन वर्षं मी लोकांचे आभार मानत फिरलो. चर्चमध्ये पाद्र्यानं नाव घेतलं माझं." वेलचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "तोंडावर सांगायचंस पोरी. ज्या दिवशी आलीस त्या दिवशी तर मला चांगलं झापलं होतंस. तेव्हा ओळखही नव्हती."

"ओळख नव्हती म्हणूनच जमलं," नकिया म्हणाली.

वेल उठून बाहेर गेला. कोपऱ्यावर बसथांब्याचा बाक होता, तिथं जाऊन बसला. बस आली, चालकानं दार उघडलं, त्यानं हातानंच जा म्हटलं. समोरच्या घराच्या पडवीत कुणीतरी गाणं लावलं होतं. वेलला त्या गाण्याचा बेस येत होता, पोटात. वरचं काही येत नव्हतं. आजवर किती पोरांची गाणी आपण अशी खारट करून दिली असतील, असं त्याच्या मनात आलं. ती पोरं काही बोलली नाहीत, फक्त पुन्हा आली नाहीत. वारं बदललं, असं तो स्वतःला सांगत आला होता. थोडं वारं बदललं होतं, थोडे कान गेले होते. कुठलं किती, हे आता कोण सांगणार?

बऱ्याच वेळानं नकिया येऊन शेजारी बसली. रडली होती हे दिसत होतं. "ओरडा तरी," ती म्हणाली.

"ताकद नाही."

"मी चुकले."

"चुकलीस. पण मीही बायकोचं ऐकलं नव्हतं." तो तिच्याकडे वळला. "त्या रोमेनचं वय काय?"

"चाळिशी उलटली. टक्कल आहे. फार कमी बोलतो."

"त्याला इथं बोलाव. ही तीन गाणी माझ्या खोलीत होतील, पण मिक्स तो करेल आणि नाव त्याचं लागेल. 'मीठ'वरही त्याचं नाव घाल. आणि ते तू स्वतः लोकांना सांगायचं, मी नाही."

"लोक काय म्हणतील तुम्हाला?"

"म्हातारा झाला म्हणतील. झालोच आहे की."

रोमेन गेन्स चार दिवसांनी आला. खरंच कमी बोलायचा. आत आल्यावर त्यानं वेलचा हात हातात घेतला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "तुमचा आजोबांचा अल्बम माझ्याकडे आहे. पहिली कॅसेट झिजली, म्हणून दुसरी शोधून घेतली."  वेलनं आपली खुर्ची ओढून त्याला दिली.

टेझही दुकान लवकर बंद करून आला होता. "आता माशांची कढई उतरेल," तो म्हणाला.

रोमेननं पहिलं गाणं लावलं आणि हाय-हॅटचा आवाज खाली घेतला. वेलच्या दृष्टीनं झांजच नाहीशी झाली, गाण्याला भोक पडल्यासारखं वाटलं. त्यानं बाकीच्यांच्या तोंडाकडे बघितलं. टेझचे खांदे सैल पडले. नकियानं डोळे मिटले. म्हणजे आता बरोबर होतं. त्याच्यावाचून बरोबर होतं. हे गिळायला त्याला एक गाणं पुरलं नाही. दुसऱ्या गाण्याला मात्र तो एकदम म्हणाला, "बेस फार सभ्य झाला. चर्चला निघाल्यासारखा. वरचं तुझं, खालचं माझं. मोकळा सोड बेसला."

रोमेननं नाराजीनं बटण फिरवलं. "मग स्पीकर फुटतील."

"फुटू देत. गाडी असलेल्यांसाठी गाणं आहे हे."

दोघं त्यावरून बराच वेळ अडून बसले. शेवटी रोमेननं ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि मान डोलावली. टेबलावरच्या कपातला चमचा थडथडायला लागला होता.

तिसरं गाणं आलं तेव्हा वेल भिंतीकडच्या सोफ्यावर बसला. त्या सोफ्यावर आजवर इतर सगळे बसले होते, पोरं, त्यांच्या मैत्रिणी, वाट बघणारे आईबाप. तो स्वतः कधी बसला नव्हता, त्याची पाठ कायम त्या सोफ्याकडे असायची. आता समोर रोमेनची पाठ होती. बेस फरशीतून चढून त्याच्या पोटऱ्यांत येत होता. त्यानं बूट काढले, मान मागं टाकली.

"काका, दुसऱ्या कडव्यात माझा आवाज एकेरी ठेवू की..." नकिया वळली आणि गप्प झाली.

बिग वेल तोंड उघडं टाकून झोपला होता, घोरत होता.

"उठवू का?" रोमेननं विचारलं.

"नको रे," टेझ म्हणाला. "मोठ्यानं चालू दे. त्याला काही होत नाही."