रिकाम्या रकान्याचा नंबर

दवाखान्यातून फोन आला तेव्हा ती एका रोपवाटिकेच्या संकेतस्थळासाठी हिरव्या रंगाच्या सहा छटा शेजारी शेजारी लावून बघत होती. सहाही सारख्याच दिसत होत्या. बाबा गेल्यापासून सात आठवडे तिचं काम असंच चाललं होतं, समोर सगळं मांडलेलं आणि निवडता काहीच न येणारं.

फोनवर काउंटरवरच्या ताई होत्या. "अगं, तुमचे ते काका रजेवर आहेत का?"

"कोण काका?"

"असं काय करतेस? सिस्टिमवाले काका. तुमच्या कंपनीचे."

कंपनी वगैरे काही नव्हती. दोन वर्षांपूर्वी या दवाखान्याची नोंदणीची व्यवस्था तिने एकटीने उभी केली होती. पडद्यावरच्या अक्षरांचा आकार तिने ठरवला, आतली यंत्रणा तिने लिहिली, ती चालू ठेवायची जबाबदारी तिची आणि ताईंना शेजारी बसून शिकवलं तेही तिनेच. सगळी कामं ती अशीच घ्यायची, पहिल्या रेघेपासून शेवटच्या बटणापर्यंत. "मुकादमही तूच, मजूरही तूच," बाबा म्हणायचे, "आणि बिघडलं तर शिव्या खाणारीही तूच." हाक मारतानाही ते मुकादम म्हणूनच मारत. तिच्या संकेतस्थळावर मात्र सगळीकडे 'आम्ही' लिहिलेलं होतं. आम्ही रचना करतो, आम्ही देखभाल करतो. ते वाचून बाबांनी विचारलं होतं, "आम्ही म्हणजे कोण? तू आणि तुझा चष्मा?"

"ते काका काय करायचे, ताई?" तिने विचारलं.

"फोन करायचे की. 'मी सिस्टिमकडून बोलतोय, उद्या अमक्यांची तपासणी आहे, त्यांचा पत्ता द्या, निरोप पोचवतो.' ज्यांच्याकडे मोबाइल नाही ना, त्यांच्यासाठी. मी डॉक्टरांना म्हटलंसुद्धा, कंपनी असावी तर अशी." ताई थोडं थांबल्या. "पण दीड महिना झाला, त्यांचा फोन नाही. मीही कामाच्या गडबडीत लक्ष दिलं नाही. आज यादी काढली तर चौघांच्या तारखा चुकल्यात. तिघं उशिरा का होईना, आपापले आले. पण बुकबाइंडर काका आलेच नाहीत. दोन तारखा गेल्या."

"बघते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. ताई बोलत असतानाच ते काका कोण हे तिला कळलं होतं.

कोणतंही काम चाचणीला आलं की पहिला निरोप बाबांच्या फोनवर जायचा. ही त्यांची रीत होती. बाबा पलीकडच्या खोलीतून ओरडायचे, "आलं. आणि 'आपली' दोनदा लिहिलंयस." दवाखान्याच्या कामात तिने एक ओळ लिहिली होती, मोबाइल नंबरचा रकाना रिकामा असेल तर निरोप बाबांच्या नंबरावर पाठवायचा. फक्त चाचणीपुरती. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी काय काय काढून टाकायचं त्याची तिने यादी केली, अकरा गोष्टींची. अकरावी होती, 'बाबांचा नंबर'. खुर्चीमागे उभं राहून बाबांनी ती वाचली आणि म्हणाले, "म्हणजे आजपासून मी निवृत्त?" ती हसली. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला, मग लोगो छापखान्यात द्यायचा होता, मग दुसरा दिवस उजाडला. दहा गोष्टींवर खूण झाली.

आणि ताईंना तिनेच बजावलं होतं, नंबर नसेल तर रकाना रिकामा सोडा, काही बिघडत नाही.

खरंच काही बिघडलं नाही, दोन वर्षं. कारण तिची चूक दर वेळी कोणीतरी पायी जाऊन निस्तरत होतं. संध्याकाळी फिरायला म्हणून बाबा बाहेर पडायचे आणि कधी कधी दोन तास यायचे नाहीत. "कुठे होता?" विचारलं तर म्हणायचे, "माणसं भेटतात." तिला का सांगितलं नाही? तिला वाईट वाटेल म्हणून, की तिने ती ओळ काढून टाकली असती म्हणून? हे आता विचारायची सोय नव्हती.

तिने पाठवलेल्या निरोपांची यादी उघडली. बुकबाइंडरच्या नावापुढे दोन नोंदी होत्या, दोन्हींपुढे 'पोचला नाही'. हा रकाना तिने अशा पानावर ठेवला होता, जे कोणी उघडत नव्हतं. तीही नाही.

हा दवाखाना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा होता. काम सुरू करताना डॉक्टरबाईंनी तिला समजावलं होतं, "ही गोळी म्हणजे दोरीवरची कसरत आहे. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर आतल्या आत रक्तस्राव. माणसाला कळतही नाही. म्हणून रक्त तपासून मात्रा बदलत राहायची. तारीख चुकता कामा नये." ते ऐकून तिने तारखेचा रकाना लाल केला होता, आणि त्या लाल रंगावर खूश झाली होती.

बाबांचा फोन टेबलाच्या खणात होता, बंद. कव्हरच्या आत घडी घातलेला कागद होता हे तिला ठाऊक होतं. बाबा गेल्यावर रुग्णालयातून त्यांच्या वस्तू घरी आणल्या तेव्हा तो हाताला लागला होता. औषधांची यादी असेल म्हणून उघडला नव्हता. आता उघडला. चार नावं, चार पत्ते, बाबांच्या बारीक तिरक्या अक्षरात. बुकबाइंडरच्या नावाखाली लिहिलं होतं, 'ऐकू कमी. चष्मा शोधण्यात वेळ जातो, थांबणे.' आणखी काही होतं, पण तिने तोवर चपला घातल्या होत्या.

पत्ता वीस मिनिटांच्या अंतरावरचा होता. रस्त्यात एक रुग्णवाहिका मागून आली आणि पुढे निघून गेली. गाडी कोणत्या वळणावर वळते ते बघत ती चालू लागली, आणि गाडी सरळ गेली तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं. आपण काय मागतोय, गाडी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी जावी, हे लक्षात येऊन तिला स्वतःचीच लाज वाटली.

बंद पडलेल्या दुकानाच्या बाजूने बोळ होता, बोळाच्या टोकाला दार. तिने कडी वाजवली. पुन्हा वाजवली. दाराखालच्या फटीत एक वीजबिल अडकलं होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर. आत सरकवायला ती वाकली आणि हात लावताच थांबली. ते कोणी ओढून घेतलेलं नव्हतं. किती दिवसांचं असेल? तिने दारावर तळहात मारले. समोरच्या जिन्यात कोणी डोकावून बघितलं आणि आत गेलं. पोलिसांना बोलवायचं तर सांगायचं काय? मी कोण म्हणून सांगायचं?

हातातला कागद घामाने मऊ झाला होता. तिने तो पुन्हा उलगडला. चष्म्याच्या ओळीखाली लिहिलं होतं, 'दार नाही. खिडकी. नाण्याने.'

खिडकी बोळाच्या दुसऱ्या अंगाला होती. नाणं सापडेपर्यंत पिशवीतलं सगळं तिने जमिनीवर काढलं. काचेवर नाणं वाजवलं, थांबली. बाबांनी लिहिलं होतं, थांबणे. ती मनात आकडे मोजू लागली. चाळीस झाले, साठ झाले. ऐंशीच्या पुढे आत काहीतरी घसटलं आणि खिडकीचं दार आत ओढलं गेलं.

"आलात?" म्हातारा चष्मा नाकावर चढवत म्हणाला. मग त्याने तिला नीट पाहिलं. "तुम्ही कोण? ते नाही आले?"

"तुमची तपासणी राहिलीय, काका. माझ्याबरोबर चला."

"काय?"

"तपासणी! दोनदा चुकली!"

"चुकली कशी? ते सांगायला येतात ना. मी कार्ड बघतच नाही, ते आले की समजतो, उद्या जायचं." त्याने खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा डाग पसरला होता, सांडलेल्या शाईसारखा. "रागावले का माझ्यावर? मागच्या खेपेला चहात साखर घालायची राहिली होती."

"नाही. ते गेले."

"कुठे?"

सात आठवड्यांत हे वाक्य तिने पुष्कळांना सांगितलं होतं, नेहमी खालच्या आवाजात, समोरच्याला जड जाऊ नये अशा बेताने. आता तिने दोन्ही हात खिडकीच्या गजांवर ठेवले आणि ओरडून सांगितलं, "बाबा गेले! वारले! सात आठवडे झाले!"

बोळात ते दोनदा ऐकू आलं. समोरच्या जिन्यातून पुन्हा कोणीतरी डोकावलं.

म्हाताऱ्याने चौकटीवरचा हात काढून घेतला. "तरीच," तो म्हणाला. "थांबा, चप्पल शोधतो."

टॅक्सीत त्याने तिला विचारलं की हिरड्यांतून रक्त येतं ते ब्रशमुळे असेल का. त्याच्या हाताला धक्का लागू नये म्हणून ती दाराला चिकटून बसली होती, आणि प्रत्येक खड्ड्याआधी चालकाला हळू घ्यायला सांगत होती.

तपासणीचा आकडा यायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत तिने भिंतीवरच्या पडद्यावर आपणच बसवलेलं अक्षर शंभरदा वाचलं. मग डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या. आकडा असायला हवा त्याच्या तिपटीच्या वर होता. त्यांनी ताईंना मोठ्या रुग्णालयात फोन लावायला सांगितला, म्हाताऱ्याला खुर्चीवरून उठू दिलं नाही, आणि तिला आत बोलावलं.

"तुमच्या कंपनीत हे कोण बघतं?"

"कंपनी नाही, डॉक्टर. मी एकटीच आहे." आणि तिने सांगितलं. ओळ, यादी, अकरावी खूण, बाबा. काही न गाळता, काही न सजवता.

डॉक्टरबाईंनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "आणखी चार-पाच दिवस गेले असते तर," त्या म्हणाल्या आणि तिथेच थांबल्या. मग म्हणाल्या, "मोबाइल नसलेल्यांची यादी आजपासून काउंटरवर कागदावर राहील. तुमच्या सिस्टिमचं काय करायचं ते मी उद्या ठरवेन. पण मला एक सांगा. हा नंबर आणखी कुठे आहे?"

तिला हा प्रश्न तोवर सुचलाच नव्हता. ती खुर्चीत बसली. पहिला निरोप बाबांना, ही रीत सहा वर्षांची होती. लिफ्टच्या तक्रारींचं काम. औषधं घरपोच देणाऱ्या दुकानाचं. पाळणाघराचं. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं. प्रत्येकाची एक यादी होती, आणि प्रत्येक यादी पुरी झाली होती याची ती आता शपथ घेऊ शकत नव्हती.

घरी येऊन तिने बाबांचा फोन चार्जिंगला लावून चालू केला आणि संगणकाशेजारी ठेवला. मग एकेक काम उघडून त्यात तो नंबर शोधू लागली. पाळणाघर, नाही. प्रयोगशाळा, नाही. तिसऱ्या कामाचा शोध चालू असताना ताईंचा निरोप आला, तिच्या स्वतःच्या फोनवर. म्हातारा रुग्णालयात आहे, औषध सुरू केलंय, रात्रभर लक्ष ठेवणार आहेत. आणि खाली, 'विचारतात, खिडकी लावली का?'

तिला आठवेना. नाणं आठवत होतं, गज आठवत होते. खिडकी आठवत नव्हती.

पडद्यावर शोध संपला. लिफ्टच्या कामात, तक्रार करणाऱ्याचा नंबर नसेल तर कोणाला कळवायचं त्या ओळीत, बाबांचा नंबर सापडला.

ती त्याच्याकडे बघत असतानाच शेजारी बाबांचा फोन टेबलावर थरथरला. तिने हात पुढे केला, मागे घेतला. मग फोन उचलून निरोप वाचला. इमारतीचं नाव होतं, लिफ्ट अडकली तो मजला होता, आणि तीन शब्द. 'आत माणूस आहे.'

निरोप आताचा होता. तिने इमारतीच्या ऑफिसचा नंबर लावला. पलीकडून कोणी 'हॅलो' म्हणालं, आणि आपण कोण म्हणून सांगायचं हे न ठरवताच ती बोलू लागली.

"मी सिस्टिमकडून बोलतेय," ती म्हणाली.