करंजकोंडाची वस्तीची गाडी

बसा हो पाव्हणे, ह्या चिऱ्यावर बसा. पिशवी खाली ठेवा, कोण पळवत नाय. गाडी सुटायला अवकाश हाय, डायवर अजून विहिरीवर अंग धुतोय. तवर ही समोर लाल गाडी उभी हाय ना, तिचीच गोष्ट सांगतो. ही गाडी एकदा आमच्या गावानंच हाकलली होती.

ही गाडी यायच्या आधी करंजकोंडात रात्रीची दिसायची ती बाया, म्हातारे आणि पोरं. कामाचा गडी तेवढा मुंबईला. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा, आणि पोरं त्याला बघून आईच्या मागं लपायची. मग मिरजोळ्यात सरकारनं कारखान्यांची वसाहत काढली आणि येष्टीनं आमाला वस्तीची गाडी दिली. संध्याकाळी यायची, रात्री देवळापुढं उभी राहायची, सकाळी गड्यांना घेऊन मिरजोळ्याला जायची. झालं! बाप रोज रात्री घरात जेवायला लागला. वीज आली तेव्हा पण गाव एवढा खूश झाला नव्हता.

गावचा गावकर महिपत. देवी नवलाईपुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. लेकरंबाळं सांभाळ, गुरंढोरं सांभाळ, दारचा कुत्रा सांभाळ, मुंबईचा चाकरमानी सांभाळ, असं महिपत देवीला सांगायचा, आणि मागच्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यात मोठा आवाज शिवाचा. हा शिवा म्हंजे गाडीचा डायवर. घर हेदवीला, त्यामुळं रात्री तो आणि कंडक्टर देवळातच झोपायचे. त्यांची भाकरी घरं पाळीनं द्यायची.

एक्क्याऐंशी सालात डोळ्यांची साथ आली. आधी मुंबईत, मग रत्नागिरीत. आमच्याकडं समज असा की, आलेल्या डोळ्यांकडं बघितलं की आपले येतात. गावानं ठरवलं, शीव बांधायची. म्हंजे शिवेवर नारळ फोडायचा, तांदळाची रेघ मारायची, आणि साथ जाईपर्यंत बाहेरचं माणूस आत घ्यायचं नाय. नारळ महिपतनंच फोडला.

त्या संध्याकाळी पाऊस नुसता ओतत होता. शिवेवर गाडी थांबली, गावचे गडी उतरून आत गेले. महिपत रस्त्यात काठी आडवी धरून उभा, पण तोंड बांधाकडं.

"शिवा, गाडी मागं ने."

"गावकरानू, थट्टा करताव काय? ह्या पावसात दोघं जाऊ कुठं?"

"ते मला विचारू नको. शीव बांधलेय."

"बरं. इकडं तरी बघा."

महिपतनं बघितलं नाय. गाडी मागं मागं करत वळली तिचा आवाज तेवढा त्यानं ऐकला. घरी त्याची बायको सोनूबाई चुलीपुढं बसलेली. त्या दिवशी पाळी त्यांचीच.

"ह्या दोन भाकऱ्या कोणाला घालू?" तिनं विचारलं.

आणि साथ थांबली म्हणता काय? ती आधीच आत होती! महिपतचाच मेव्हणा मुंबईहून आलेला, माडीवर लाल डोळे घेऊन झोपलेला. बघता बघता गावात एक डोळा पांढरा राहिला नाय. म्हातारी चिमा ओटीवरनं ओरडायची, "महिपता, शीव बांधलीस ती आतल्या अंगानं की बाहेरच्या?"

साथ गेली, शीव सोडली, पण गाडी काय आली नाय. ती आता फाट्यावरनंच मागं फिरायची. फाटा म्हंजे घाटी उतरून पार खाली. गडी अंधारात चढून यायचे, अंधारात उतरून जायचे. मग वरच्या आळीतल्या दोघांनी मिरजोळ्यात खोल्या घेतल्या आणि बायकापोरं नेली. भाद्रपदात महिपतचा मुलगा बाबू म्हणाला, "बाबा, मी पण खोली बघितलेय. दिवाळी झाली की आमी तिघं जातो."

"मिरजोळं काय मुंबई हाय, बिऱ्हाड न्यायला?"

"घाटी चढून येईतो पोरगी झोपलेली असते. सकाळी निघतो तेव्हा पण झोपलेली. मग मी घरात असलो काय नि मुंबईत असलो काय?"

महिपत रात्रभर तळमळला. मुंबई गडी न्यायची, पण चूल इथं ठेवायची. म्हणून तर तो शिमग्याला परत यायचा. हे जवळचं शहर चूलच उचलून नेणार. एकदा दाराला कुलूप लागलं की सणाला तरी कोण कोणाकडं येणार? आणि पालखी उचलायला खांदे कुठनं आणायचे?

दुसऱ्या दिवशी तो रत्नागिरीला गेला. येष्टीचा साहेब म्हणाला, "गाडी हाय हो, पण तुमच्याकडं मुक्कामाला जायला डायवर तयार होत नाय."

शिवा स्टँडवर चहा पीत होता. महिपत समोर जाऊन उभा राहिला.

"माझे डोळे आले नव्हते, गावकरानू," शिवाच आधी बोलला. "आजपर्यंत आले नाय."

"मला काय माहीत?"

"बघितलं असतंव तर दिसलं असतं."

महिपत खाली बघायला लागला, मग ते ध्यानात येऊन त्यानं मान वर केली.

शिवा म्हणाला, "फाट्यावर गाडीत रात्र काढली त्याचं काय नाय, सवय हाय. पण तुमी गाऱ्हाण्यात गुरांना घेता, कुत्र्याला घेता. मी मागं उभा राहून व्हय म्हाराजा म्हणतो. वाटायचं, आपलं नाव चुकून राहून जात असंल. त्या रात्री कळलं, राहून गेलेलं नाय."

महिपतला वाटलं, कोणीतरी पाठीत गुद्दा घातला. गाऱ्हाणं वाडवडलांचं. त्यातला शब्द इकडचा तिकडं करायचा नाय, असं बापानं मरताना सांगितलेलं.

"उद्या संध्याकाळी शिवेपर्यंत गाडी घेऊन ये," तो म्हणाला. "मी नाय दिसलो तर मागं फिर. परत बोलवणार नाय."

रात्री देवळात बैठक बसली. केरू म्हातारा उसळला, "आज गाऱ्हाण्यात डायवर घातलास, उद्या पोस्टमन घालशील!"

"घालू दे की," चिमा म्हणाली. "तो बिचारा घाटी चढतो, त्याला गुडघे नायत?"

"देवी काय म्हणंल?"

तेव्हा महिपत हळू बोलला. "केरूकाका, पणज्याच्या गाऱ्हाण्यात मुंबईचा चाकरमानी होता? तेव्हा मुंबईला जात कोण होतं? गाव जायला लागला तेव्हा कोणीतरी तो घातलाच ना? आता गाव मिरजोळ्याला जातो. त्याला नेतो-आणतो कोण?"

केरूनं तंबाखू मळली नि मळतच राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी शिवेवर थांबली. महिपत नारळ घेऊन उभा. शिवा खाली उतरला. महिपतनं त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं, आणि सगळा गाव बघत राहिला. मग नारळ वर धरून म्हणाला,

"बाय नवलाई, लेकरंबाळं सांभाळ, गुरंढोरं सांभाळ, मुंबईचा चाकरमानी सांभाळ, आणि जो आमची माणसं रोज तुझ्या दारात आणून सोडतो, तो हेदवीचा शिवा डायवर सांभाळ."

"व्हय म्हाराजा!" केरूचा आवाज त्यात होता. शिवाचा नव्हता. तो बॉनेट पुसत होता. पुसलेलंच परत परत.

दिवाळी झाली, शिमगा पण झाला. बाबू खोलीचं परत बोलला नाय, महिपतनं विचारलं नाय. पालखीला खांदे पुरले. जे दोघं गेले ते मात्र गेलेच. वरच्या आळीत त्यांची कुलपं हायत, काल तुमी बघितलीत.

तो बघा, आला पंच्यानं डोकं पुसत. पाव्हणे, मला हा गुडघा गाडीत चढू देत नाय, तर एक काम करा. ही सोनूबाईची पुरचुंडी, भाकरी नि सुक्या जवळ्याची चटणी हाय. फाट्यावर गाडी थांबली की तिथं तो न्याहारी करतो, तेव्हा शिवाच्या हातात द्या. आणि देताना खाली बघू नका, त्याच्या तोंडाकडं बघून द्या.