रंगाखाली अडलेली वाट

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणालात तर चालेल, म्हातारी म्हणालात तर हॉर्न वाजवीन. हल्लीच्या गाड्या दोन उन्हाळे सोसले की कुरकुरतात. माझा पत्रा असा जाड की तो वाकवताना म्हणे कारखान्यातल्या माणसांचे दंड भरून आले होते.

मला आमच्या बाई चालवतात. यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला गेला, तरी बाजार असो की दवाखाना, बाई माझं चाक धरून एकट्या निघतात. "कुणाच्या तोंडाकडे बघायला नको," असं त्यांचं म्हणणं.

मागच्या वर्षी बाईंनी मला नवा रंग दिला. गर्द हिरवा! इंजिन बाहेर काढून आतबाहेर सगळीकडे. बॉनेटखाली एका बोल्टाभोवती कागद चिकटवत रंगारी म्हणाला, "बाई, एवढी जागा कोरी ठेवतो."

बाईंनी डोळे वटारले. "नव्या कपड्याला कुणी भोक ठेवून शिवतं का? बोटभर जागासुद्धा सोडायची नाही!"

त्याने मुकाट्याने कागद काढला. मीही मनात हरखले. खोटं कशाला बोलू? रस्त्याने लोक वळून बघायला लागले आणि मी हवेत गेले.

पण त्या दिवसापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. किल्ली फिरवली की स्टार्टर कण्हायचा, दिवे डोळे मिटायचे. सकाळी सुरू, दुपारी बंद. मध्येच जळका वास. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने स्टार्टर खोलला, तिसरा म्हणाला, "गाडीच आता थकली." नाचता येईना अंगण वाकडं! मी आतल्या आत तडफडत होते. दुखतंय कुठे ते मलाच कळत नव्हतं, तर सांगणार कुणाला?

एके दिवशी पुलाच्या ऐन चढावर मी बंद पडले. मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्लोळ, आणि बाई ब्रेक दाबून घामाघूम. कळताच मुलगा गावाहून धावत आला.

"आई, आता बास. पुढच्या रविवारी मी येईन. तोवर ही धड चालली नाही तर गाडी विकायची आणि तुझं चालवणंही बंद."

आमच्या बाईंचं तोंड कधी बंद पडत नाही. "आधी वायरमनला तर दाखवू दे," त्या म्हणाल्या.

शनिवारी वायरमन आला. कधीच घाई करत नाही म्हणून त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. त्याने पाना काढलाच नाही. आधी विचारलं, "वास कुठून येतो?"

"मी काय नाक लावून बसते का? पायाशी येतो. अॅक्सिलरेटरपाशी."

"हां. मारा किल्ली."

मी कण्हले. त्याने अॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"तापलीय की! हिचं काम ओढायचं. हिच्यातून वीज कशी जातेय?"

"मला विचारता? मग तुम्हाला कशाला बोलावलं?"

सावकाश हसला. "बाई, बॅटरीतून निघालेली वीज फिरून बॅटरीकडेच आली पाहिजे. हमरस्ता अडला की ती बोळातून पळते. ही केबल म्हणजे बोळ."

त्याने एक जाड वायर इंजिनापासून थेट बॅटरीच्या परतीच्या टोकाला लावली. "आता मारा."

मित्रांनो, मी अर्ध्या फेरीत सुरू झाले! बाईंनी तोंडावर हात धरला.

मग त्याने शोध घेतला. इंजिनापासून पत्र्यापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी असते, वीज पत्र्यावाटे बॅटरीकडे परत नेणारी. तिचा बोल्ट त्याने सोडवला. खाली सायीसारखा जाड हिरवा रंग.

"रंगावर पट्टी बसवलीय. रंगातून वीज जाईल कशी? कुणी शहाण्याने इथे—"

"ती शहाणी मी," बाई म्हणाल्या.

सावकाशने जीभ चावली. "खरवडावं लागेल. डाग दिसेल."

एवढा देखणा रंग! बाईही घुटमळल्या. मग त्यांनी पदर खोचला, त्याच्या हातातला पॉलिश पेपर ओढून घेतला आणि स्वतःच घासायला लागल्या. लखलखीत पत्रा दिसेपर्यंत थांबल्या नाहीत. सावकाशने पट्टी घट्ट आवळली, वरून ग्रीस लावलं.

रविवारी मुलाने दहा वेळा किल्ली फिरवली. दहाही वेळा मी सुरू झाले, पण प्रत्येक वेळी माझा जीव टांगणीला.

"होतं काय नक्की?" त्याने विचारलं.

रंगाऱ्यावर ढकलणं सोपं होतं. तो तिथे नव्हता. बाई म्हणाल्या, "चूक माझी. रंगारी सांगत होता, मी ऐकलं नाही."

"तू आणि चूक? लिहून दे!"

"लिहायला मला शाळेत कुणी धाडलं होतं? बस गाडीत. स्टेशनवर सोडते."

त्याने किल्ली काढली. मग ती आईच्या हातात ठेवून शेजारी बसला. "जपून चालव."

"तू पोटात होतास तेव्हा हीच गाडी हाकत दवाखान्यात गेले मी. तेव्हा बरा गप्प होतास!"

मित्रांनो, आम्हा जुन्यांना पुसा, चमकवा, आम्हाला आवडतं ते. पण बंद पडलो की लगेच थकलो म्हणू नका. जरा जवळ बसून विचारा, हात लावून बघा. आणि जाणता माणूस थोडी जागा कोरी ठेव म्हणाला, तर ठेवा बापडे. माझा डाग बॉनेटखाली आहे. कुणी बघितला तर बघू दे.

आता बाजूला व्हा. बाई किल्ली घेऊन निघाल्यात, आणि एकदा सुरू झाले की माझा काही भरवसा नाही.