निळे ओठ पाहिलेले बोंडले

मी एक जुने चांदीचे बोंडले आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी मला पाहिलेही नसेल. तान्ह्या बाळाला दूध पाजायचे, लांब चोचीचे छोटे भांडे म्हणजे मी.

लष्कर पेठेतल्या एका सोनाराने मला या घरच्या जुन्या पिढीतल्या महिपतरावांच्या पहिल्या लेकीसाठी घडवले. पुढे माधवगंजच्या या घरातली कितीतरी बाळे माझ्या चोचीने प्यायली. "बोंडलं शकुनाचं आहे हो," म्हणत शेजारणीही मला मागून नेत. मग बाटल्या आल्या आणि मी कपाटात काळे पडत राहिले.

यंदा गरिमा जन्मली. दिवस भरायच्या आधीच आली, तिला ओढून पिता येईना. तिची आई प्रांजली मला उकळून माझ्यातून स्वतःचे दूध पाजू लागली. मी पुन्हा उजळले.

आमच्याकडे नाव आत्यानेच ठेवायचे. मंदाताईंना भोपाळहून यायला जमेना, म्हणून बारसे लांबले. त्यापायी दीड महिन्याची लसही पुढे ढकलली. "बारशात पोर तापाने किरकिरं नको," असे सगळ्यांचे म्हणणे.

मंदाताई आल्या त्या खोकतच. उबळ लागली की थांबायची नाही, शेवटी उलटी व्हायची. मग पुन्हा ठणठणीत. अंगात ताप नाही.

"ताई, किती दिवस झाले हो खोकल्याला?" प्रांजलीने विचारले.

"झाला असेल महिना. अगं, मी म्हणजे बाड्याच्या चौकातला जुना टेम्पो! चढावर खोकतो, उतारावर गप्प. मौसम बदलतोय, बस."

सगळे हसले. प्रांजली हसली नाही. "मग मास्क तरी लावा ना."

"लो! आत्या काय मुँह बाँधकर नाव ठेवणार?"

त्यांनी बाळाच्या कानाशी तोंड नेले, कुर्र केले, नाव सांगितले. तिथेच उबळ आली.

काही दिवसांनी गरिमाचे नाक वाहू लागले, मग बारीक खोकला. अशा खोकल्यात मोठी मुले खोकून झाल्यावर श्वास आत ओढतात तेव्हा 'हूप' असा आवाज येतो. तिच्यात तेवढे बळ कुठले? ती लाल व्हायची आणि श्वासच थांबायचा. एका दुपारी मी तिच्या तोंडाशी होते. ओठ निळे झाले.

"अभिराम, गाडी काढ!" प्रांजली नवऱ्यावर ओरडली.

मला बाळाच्या सामानाच्या पिशवीत टाकले. इंदरगंजच्या डॉक्टरांनी आधी एवढेच विचारले, "घर में किसी को पुरानी खाँसी है?"

सोबत आलेल्या मंदाताई दाराशी तोंडावर पदर दाबून खोकत होत्या.

डांग्या खोकला होता; पुढे ढकललेली लस त्याचीच. तिला मोठ्या इस्पितळात हलवले. तिथे मला पिशवीतून कोणी बाहेर काढलेच नाही. गरिमा घरी आली नाही.

प्रांजलीला अजून पान्हा फुटतो. ती मोरीशी वाकून दूध पिळून टाकते.

मित्रांनो, घरात कुणाचा खोकला दोन आठवड्यांहून लांबला, उबळीनंतर उलटी होऊ लागली, तर हवेला बोल लावू नका. डॉक्टरांना दाखवा, तोवर बाळाजवळ जाऊ नका. तान्ह्याचा श्वास अडला तर 'हूप' ऐकू यायची वाट पाहू नका, लगेच इस्पितळ गाठा. आणि लस वेळेवर द्या. बारसे लांबले तर लांबू द्या. बिननावाचे बाळही दूध मागते.