कोरी चकती

विभागाच्या व्हरांड्यात शोभेचं एक क्रोटन होतं. त्याच्या पानांत जंतू मारणारं काही आहे का, हे रसायनशास्त्राच्या बाई बरीच वर्षं शोधत होत्या. पानांत टॅनिन सापडलं, फ्लॅवोनॉइड सापडलं, अर्क हलवला की सॅपोनिनचा फेसही यायचा. सोबत जेवायला माणूस तेवढा सापडला नव्हता. मधल्या सुट्टीत बाकीचे मोठ्या टेबलावर डबे उघडत. बाई प्रयोगशाळेत, जंतू वाढवायच्या पेटीशेजारी. तिथे निदान ऊब होती.

मग एके सकाळी जंतूंच्या बशीत, अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कात बुडवलेल्या कागदी चकतीभोवती, शर्टाच्या गुंडीएवढं स्वच्छ वर्तुळ दिसलं. तेवढ्या जागेत जंतू वाढलेच नव्हते.

"अहो बाई, इकडे या की! जंतूंच्या पंगतीला किती दिवस बसणार?" विभागप्रमुखांनी स्वतः खुर्ची ओढली.

"आता आम्हाला ओळख दाखवाल ना?" भौतिकशास्त्राचे सर म्हणाले. हेच सर जिन्यात भेटले की भिंतीचा रंग न्याहाळत.

आठवडाभर बाई दोन्ही बाजूंना माणसं घेऊन जेवल्या. बोलण्याच्या नादात डबा अर्धा उरायचा.

प्राचार्यांपुढे सादरीकरण ठरलं. त्याआधी, पहिल्या वेळी घाईत राहून गेलेली कोरी चकती बाईंनी लावली: नुसत्या अल्कोहोलची, पानाशिवाय, बाकी सगळं पहिल्यासारखंच. तिच्याभोवतीही तेवढंच वर्तुळ.

चकत्या पूर्ण वाळवूनच ठेवायच्या असतात. नाहीतर जंतू मारतं अल्कोहोल आणि नाव होतं पानाचं. बाई हे दरवर्षी मुलांना शिकवत. पण पहिल्या चकत्या लावल्या त्या दिवशी जुनी मैत्रीण घरी यायची होती. ती आली नाही, ही गोष्ट वेगळी.

मग वाळवलेल्या चकत्या लावल्या. जंतू अर्काला खेटून, मजेत वाढले.

दुपारी टेबलावर बाईंनी सांगून टाकलं. चमचे थांबले.

"पण सांगायची काय गरज होती?" भौतिकशास्त्राचे सर कळवळले. "आम्ही कुठे मोजायला येणार होतो?"

"पानात काही नाही, सर."

"बघा पुन्हा करून," प्रमुख म्हणाले, आणि पगारवाढीचा विषय निघाला.

दुसऱ्या दिवशी बाई त्याच खुर्चीत बसल्या. कुणी उठा म्हणालं नाही; सभ्य माणसं होती.

"भाजी घेता थोडी?" त्यांनी शेजारी बसलेल्या भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं.

"नको हो, पोट भरलंय," ते म्हणाले, आणि आपला डबा उघडू लागले.