दुसरी हाक

सोमाटण्याच्या चौकात ज्याने बाजीरावाचा आवाज ऐकला नाही, तो सोमाटण्याला आलाच नाही असं खुशाल समजावं. जुन्या हायवेच्या कडेला त्याचं मिसळीचं हॉटेल होतं. "दोन मिसळ, एक तिखट, पाव ज्यादा!" अशी आरोळी त्याने ठोकली की रस्त्यापलीकडची माणसं दचकून बघायची. घर हॉटेलच्या मागेच. मधे एक नळ, कढीपत्त्याचं झाड आणि तीन पायऱ्या. काही लागलं की हा गडी जागचा न हलता बायकोला हाका मारायचा. "स्नेहल!" मग पुन्हा, "स्नेहल!" मग आणखी वरच्या पट्टीत, "ए स्नेहल!" तिसऱ्या हाकेला आतून उत्तर यायचं, "आले हो, बहिरी नाही मी."

गिऱ्हाइकं हसायची. वहिनी दाद देत नाहीत म्हणायची. त्यांना काय माहीत, ही शिस्त बाजीरावानेच लावलेली होती. त्याच्या आईचं, अंबूबाईचं माहेर पवनेच्या काठी होतं आणि ते आख्खं गाव धरणाखाली गेलं होतं. ती सांगायची, "एकच हाक आली तर ओ द्यायची न्हाई, बाळा. दुसरीची वाट बघायची. मेलेल्याला एकदाच हाक मारता येती. दुसरीला दम लागतो, आन दम त्याच्यापाशी नसतो." आई गेली, तरी बाजीरावाने हे लग्नाच्या पहिल्या आठवड्यात स्नेहलला पढवलं आणि पुढे लेकीला, कोमललाही. ही एक गोष्ट सोडली तर त्या माणसाने आयुष्यात कुठलंच पथ्य पाळलं नाही.

खाण्याचं तर बोलायलाच नको. सकाळी तर्रीची चव बघायची म्हणून वाटीभर, अकराला भजी, दुपारी चार पाव, संध्याकाळी उरलेली शेव. वजन एकशे आठ. जूनमध्ये भर गर्दीत छातीत कळ आली. डॉक्टरांनी रक्तवाहिनीत स्टेंट घातली आणि घरी सोडताना बजावलं, "मापात जेवण, रोज चालणं आणि शांत डोकं. तिन्ही एकदम पाहिजेत. एक धरून दोन सोडलीत तर पुन्हा इथेच भेट. तीही नशिबात असली तर."

बाजीरावाने आठ दिवस मुगाची उसळ खाल्ली. नवव्या दिवशी स्नेहलने त्याला कढीपत्त्याच्या झाडाआड उभ्याने वडापाव खाताना पकडलं. भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती नुसती पायरीवर बसली आणि रडायला लागली.

"पोर सहावीत आहे अजून," ती म्हणाली. "मला हा माणूस नको. कुणीतरी बदलून द्या मला."

रागाच्या भरात आपण काहीही बोलतो. पण ते कुठे जाऊन पोचतं, कोण ऐकतं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. दुसऱ्याच दिवशी तिने पवनानगरच्या सात दिवसांच्या आरोग्य शिबिरात त्याचं नाव घातलं.

शिबिर धरणाच्या अगदी काठाला होतं. श्रावण चालू होता, धुकं तर असं की ताटातली भाकरी हाताने चाचपावी. राजेश्वरी मॅडम पुण्याच्या, पन्नाशीच्या, वेतासारख्या ताठ. त्यांचा कारभार साधा होता. अर्धं ताट भाज्यांचं, पाव ताट डाळ-उसळीचं, पाव ताट नाचणीची भाकरी. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा, बोलायचं नाही. दुपारी भिंतीला न टेकता बसून श्वासाकडे बघायचं. आत येतो, बाहेर जातो, इतकंच. आणि सकाळी पाण्याच्या कडेने चालायचं, एकामागे एक, मधे वीस पावलांचं अंतर ठेवून.

धुक्यात वीस पावलांवरचं माणूस दिसत नाही. म्हणून मॅडम पुढून एकेकाचं नाव पुकारायच्या. नाव आलं की त्याच क्षणी "हजर" म्हणायचं, हा नियम.

पहिल्या दिवशी बाजीरावाचं नाव आलं आणि तो गप्प. आईच्या पाण्याकाठी एका हाकेला ओ द्यायची त्याची जीभच वळेना. मॅडम मागे फिरून त्याच्यापर्यंत आल्या.

"तुमचं लक्ष कुठे आहे?"

"हितंच हाय की."

"नाही. शरीर इथे आणि मन भटकतंय. तुमचं हृदय त्यानेच दमलंय. हाक आली की विचार न करता हजर. यालाच जागं असणं म्हणतात."

जेवण वाढणारा रखमाजी आबा जवळच उभा होता. सत्तरी उलटलेला, सगळा जन्म याच काठाला काढलेला माणूस. तो नंतर ताटात भाजी घालताना हळूच म्हणाला, "बाईंचं बाकी समदं खरं हाय, भाऊ. येवढं एक सोडून."

बाजीराव हसला. पण तिसऱ्या दिवशी जिना चढताना त्याला धाप लागली नाही. चौथ्या दिवशी पट्टा एक भोक आत गेला. रात्री झोप लहानपणी लागायची तशी लागली. श्वासाकडे बघता बघता त्याला कोमलचा चेहरा दिसला, आणि आपण ही पोर मोठी झालेली बघणार आहोत असं पहिल्यांदाच मनापासून वाटलं. डोळे भरून आले त्याचे. बाईंचं समदंच खरं असणार, असं त्याने ठरवून टाकलं. पाचव्या दिवशी मॅडमनी नाव पुकारलं, आणि त्याने पहिल्या हाकेला खणखणीत "हजर!" दिलं. मॅडमनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. रखमाजी आबाने मात्र त्या दिवशी त्याच्याकडे वर मान करून बघितलं नाही.

सहाव्या सकाळी धुकं पायाला चिकटत होतं. बाजीराव रांगेत शेवटचा. पाऊल, श्वास, पाऊल, श्वास.

"बाजीराव."

"हजर!"

म्हणून झालं आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हाक डावीकडून आली होती. डावीकडे नुसतं पाणी होतं.

तो उभा राहिला. पाणी कडेच्या दगडांना लागत होतं, बाकी चिडीचूप. मग दूर पुढून, जिथून यायला हवी तिथून, मॅडमची हाक आली. "बाजीराव!"

त्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "हजर."

आवाज त्याचाच होता. चौकात घुमणारा, पण सांभाळून वापरलेला. पाठीमागून एक माणूस आला आणि त्याला खेटून पुढे गेला. तीच निळी ट्रॅकपँट, तेच बूट, तीच टकलाची सुरुवात. फक्त सगळं निथळत होतं. तो माणूस अंतर राखून, मापात पावलं टाकत रांगेत शिरला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

बाजीराव त्याच्यामागे धावला. बराच धावला. मग सवयीने त्याने शिबिरात शिकवल्याप्रमाणे पोटावर तळवा ठेवला आणि श्वासाकडे लक्ष दिलं. आत काही येत नव्हतं. बाहेर काही जात नव्हतं. तळव्याखालचं पोट दगडासारखं निवांत होतं. भीती म्हणजे काय हे त्याला त्या घटकेला कळलं, आणि छातीत धडधडसुद्धा झाली नाही.

जेवणघराच्या खिडकीशी तो पोचला तेव्हा सगळे बसले होते. त्याच्या पाटावर तो दुसरा बसला होता. घास चावत होता. बाजीरावाने मोजलं, बरोबर बत्तीस. राजेश्वरी मॅडम कौतुकाने बघत होत्या. बाजीराव खिडकीच्या गजांना धरून ओरडणार, इतक्यात रखमाजी आबाची नजर त्याच्यावर पडली. म्हाताऱ्याच्या हातातली पळी थांबली. त्याने ओठांवर बोट ठेवलं, पातेलं खाली ठेवलं आणि तो मागच्या दाराने बाहेर आला.

"ओरडू नगा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्यापाशी आता एकच हाक ऱ्हायलीया. हितं वाया घालवू नगा. घरी जावा, तुमच्या उंबऱ्यापाशी मारा. आपल्या माणसानं ओ दिली तर आत घेत्यात, असं आमची आय सांगायची. मी काय बगितलं न्हाई कुणी परत आल्यालं." एवढं बोलून त्याने दार ओढून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी स्नेहल आणि कोमल जीप करून न्यायला आल्या. बाजीराव फाटकाशी उभा होता. स्नेहल त्याच्याकडे न बघता अगदी जवळून गेली, आणि तिच्या केसांच्या तेलाचा वास यायला हवा होता तो आला नाही. "बाबा, किती बारीक झालात!" म्हणत कोमल त्या दुसऱ्याला बिलगली. "अगं बाई, थंडगार पडलेत हात तुमचे," स्नेहल हसत म्हणाली. हसताना ती दहा वर्षांनी लहान दिसत होती. बाजीरावाने दात घट्ट आवळले आणि हाक सांभाळली.

जीप गेली त्या रस्त्याने तो चालत निघाला. धुक्यात वाट फिरून फिरून पाण्याशीच यायची. पाणी त्याला सोडायला तयार नव्हतं. किती वेळा तो परत काठाला आला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण हट्टी माणूस. तो चालत राहिला, आणि एवढं चालून एकदाही धाप लागली नाही. डॉक्टरांनी बघायला हवं होतं.

सोमाटण्याला पोचला तेव्हा संध्याकाळ होती आणि आठ दिवस उलटले होते. हॉटेल चालू होतं, पण चौक गप्प होता. आरोळी नाही. पाटीवर मिसळीच्या खाली उकडलेले मूग आणि नाचणीचं आंबील असं नव्याने लिहिलेलं. तो मागे गेला, नळ ओलांडला, कढीपत्त्याच्या झाडाखाली थांबला.

स्वयंपाकघराचा दिवा लागला होता. खिडकीतून तो दुसरा ताटावर बसलेला दिसत होता. ताठ. कोमल पायरीवर वही घेऊन बसली होती आणि स्नेहल दारात भाजी निवडत होती.

"आई, बाबा बरे झालेत ना आता?"

"बरे झालेत. साखर बरोबर, वजन बरोबर. मी नाव घ्यायच्या आधी हजर असतात." मेथीची जुडी तिच्या मांडीवर तशीच राहिली. "पण बघ ना कोमल, दिवसातून पन्नास हाका मारणारा माणूस. आल्यापासून एकदाही मला हाक मारली नाही. परवा मी मुद्दाम आत जाऊन बसले. म्हटलं मारतील. नाही मारली." तिने डोळे पुसले. "त्या आरडाओरड्याचा किती वैताग यायचा मला."

बाजीराव पायरीपाशी आला. त्याच्या आणि उंबऱ्याच्या मधे तीन पायऱ्या. उरलं सुरलं सगळं त्याने गोळा केलं. चौक, हॉटेल, पंधरा वर्षांचा संसार, सगळं छातीत ओढलं, आणि हाक मारली.

"स्नेहल!"

जुडी खाली पडली. स्नेहल ताडकन उभी राहिली. तिचा चेहरा असा उजळला, की बाजीरावाला वाटलं, आलो, आपण आत आलो. तिचे ओठ उघडलेसुद्धा.

"आई, बाबांनी हाक मारली!" कोमल ओरडली आणि "ओ" म्हणायला तोंड उघडणार, तोच स्नेहलने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"थांब," ती हळूच म्हणाली. "एका हाकेला ओ द्यायची नाही. काय शिकवलंय बाबांनी? दुसरी येऊ दे."

आत तो दुसरा चावायचा थांबला होता आणि खिडकीतून बाहेर बघत होता.

बाजीरावाने तोंड उघडलं. जबडा दुखेपर्यंत उघडलं. तिचं नाव जिभेवर होतं, नुसतं ढकलायचं होतं. ढकलायला आत काही नव्हतं. त्याने हात पुढे केले, पायरीवर पाय ठेवला, आणि पाय पायरीवर टेकेना. दोघी त्याच्याकडेच बघत होत्या, पण त्याच्या आरपार, पलीकडच्या झाडाकडे. त्याने पढवलेलं त्या इतकं नीट शिकल्या होत्या.

"मारतील," स्नेहल म्हणाली. "ते तीनदा मारतात."

आतला पुन्हा जेवायला लागला. नळ थेंब थेंब गळत होता. अंधार पडला, डास चावायला लागले, कोमल कंटाळून आत गेली. स्नेहल मात्र दाराच्या चौकटीला धरून दुसऱ्या हाकेची वाट बघत उभीच राहिली.