खरी नक्कल

ही गोष्ट २०२३ सालची आहे. त्या वर्षी गणपती गेले आणि आठवड्याभरात माझ्यावर खोटेपणाचा आळ आला. सदतीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा! अजून आठवले की रबर तापते. पण आधी मी कोण ते सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर शिवणीच्या लाकडाची मूठ, खाली रबराची पट्टी आणि त्या पट्टीवर दोनच शब्द: खरी नक्कल. मला हातात धरून वाचायला गेलात तर काही लागणार नाही, कारण माझी अक्षरे उलटी आहेत. कागदावर टेकलो की मगच मी सुलटा होतो.

माझा जन्म १९८६ सालचा, रत्नागिरीच्या रामआळीतला. तिथे शिक्के करणारा एक कारागीर होता. गंगाराम धोंडू तांबे नावाचे हायस्कूलचे मुख्याध्यापक त्याच्याकडे आले. त्याने विचारले, "गुरुजी, 'सत्यप्रत' करू की 'खरी नक्कल'?"

"खरी नक्कल," गुरुजी म्हणाले. "खाडीवरच्या माणसालाही वाचून कळली पाहिजे."

त्या एका उत्तराने पुढे किती ताप होणार आहे, हे ना त्यांना ठाऊक होते ना मला.

आजच्या मुलांना माझे काम सांगावे लागेल. तेव्हा कुठेही अर्ज करायचा तर गुणपत्रिकेची, दाखल्याची झेरॉक्स जोडावी लागे. ती मूळ कागदावरूनच काढली आहे, हे कुणी जबाबदार माणसाने पाहून सांगायचे. त्याने मला झेरॉक्सवर टेकवायचे आणि खाली सही करायची. जून महिना लागला की गुरुजींच्या पडवीत रांग लागे. कुणाला आयटीआयला जायचे असे, कुणाला पोफळीच्या वीजघरात नोकरी हवी असे, कुणाला मुंबईच्या गिरणीत चिकटलेल्या मामाकडे जायचे असे. दिवसाला शंभर-शंभर कागदांवर मी टेकलो आहे.

पण गुरुजींचा एक नेम होता. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते मला उचलत नसत. मूळ कागदावर डावे बोट, झेरॉक्सवर उजवे बोट, असे दोन्ही हात ओळीओळीने खाली येत. लोक वैतागत. "मारा ना गुरुजी, एसटी चुकेल." गुरुजी म्हणत, "पुढची मिळेल." त्यांच्या वडिलांना, धोंडूबाबांना, एका सहीसाठी साहेबाच्या दारात चार खेपा घालाव्या लागल्या होत्या. पाचव्या खेपेला साहेबाने कागद न बघताच सही केली आणि लांबून टाकला. वडील ती सही मिळाली म्हणून खूश होते. गुरुजींना मात्र तो न बघितलेला कागद जन्मभर बोचत राहिला.

निवृत्तीनंतर सरकारने त्यांना विशेष कार्यकारी अधिकारी नेमले, म्हणून शाळेचा गोल शिक्का शाळेत राहिला तरी माझे काम चालूच राहिले. मग साधारण २०१५ च्या सुमारास सरकारने सांगितले की ज्याची झेरॉक्स त्यानेच सही करावी. झाले! पडवी एका दिवसात ओस पडली. सुकलेल्या स्टँप पॅडसकट मला पत्र्याच्या डब्यात टाकले. गुरुजींच्या पत्नी, चंपाकाकू, मला अधूनमधून काढत, पण कशासाठी? खिरीची वेलची कुटायला. माझी मूठ त्यांच्या हाताला बरोबर बसायची म्हणे. मित्रांनो, हजारो मुलांना नोकऱ्या लावून दिलेल्या मुठीला वेलची कुटायला लावणे म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही. वास मात्र चांगला यायचा.

आठ वर्षे अशी गेली. मग २०२३ च्या श्रावणात रुचिरा आली.

रुचिरा म्हणजे गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, हिराची मुलगी. हिरा भाट्ये खाडीत ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचते आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजारात विकते. रुचिरा मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका मासळीच्या कारखान्यात माल तपासायचे काम करायची. पण दर रविवारी ओहोटीला ती आईबरोबर चिखलात उभी राहून तिसऱ्या मोजायची. मोठ्या किती, बारक्या किती, कुठल्या जागी किती. अशा सात वह्या भरल्या होत्या. त्या वह्या एकच गोष्ट सांगत होत्या: तिसऱ्या संपत चालल्या आहेत.

"स्पेनच्या एका किनाऱ्यावर बायका स्वतःच ठरवतात, यंदा कुठला पट्टा वेचायचा आणि कुठला न वेचता झाकून ठेवायचा," ती गुरुजींना सांगत होती. "तिथे सहा महिने राहून शिकायचं आहे. युरोपातली एक संस्था त्यासाठी अनुदान देते. पण वयाची अट पस्तीस. मला डिसेंबरात पस्तीस पूर्ण होतील. यंदा नाही तर कधीच नाही."

"मग कर की अर्ज."

"तेच तर करतेय तीन आठवडे!"

आणि तिने तो अर्ज सांगायला सुरुवात केली. तो ऐकून डब्यात बसल्याबसल्या माझेही डोके उठले. अर्ज संगणकावर भरायचा. पहिलाच रकाना: 'आपल्या संस्थेचे नाव'. रुचिराच्या मागे कॉलेज नाही, विद्यापीठ नाही. अनुदानच मुळी स्वतंत्र संशोधकांसाठी. पण रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढे सरकत नाही. तिने लिहिले, 'नाही'. तर अर्जाने विचारले, "'नाही' या संस्थेचा पूर्ण पत्ता भरा." तिने भाट्याचा पत्ता भरला. तर अर्ज म्हणाला, "'नाही' या संस्थेच्या प्रमुखांचे संमतिपत्र जोडा."

चंपाकाकू हसून हसून खाली बसल्या. "अगो, मग तूच प्रमुख! 'नाही'ची प्रमुख!"

"हसू नका ओ काकू. रडायला येतंय."

शेवटी पत्रापत्री करून कळले ते असे: ज्याच्यामागे संस्था नाही, त्याने आपले सगळे कागद ओळखीच्या, पण नात्यात नसलेल्या शिक्षकाकडून प्रमाणित करून पाठवावेत. गुरुजी ताडकन उठले. ऐंशीला टेकलेला माणूस, पण चौदा वर्षांच्या पोरासारखा उठला. डबा उघडला. मला पुसले, वास घेतला आणि चंपाकाकूंकडे पाहिले. "हा वेलचीचा वास कसला?"

"मुरला असेल," काकू म्हणाल्या.

नवी शाई आली. चौदा कागद होते. गुरुजींनी दोन बोटांनी दोन तास लावले. रुचिरा सारखी घड्याळाकडे बघत होती. चौदाही वेळा मी ठसठशीत उमटलो. वाटले, आपले दिवस परत आले.

आणि मग ते पत्र आले. रुचिरा धावत आली, तिच्यामागे पाटी तशीच डोक्यावर घेऊन हिरा. पत्र इंग्रजीत होते. रुचिराने मराठीत सांगितले: "'आपल्या प्रत्येक कागदावर ही प्रत खरोखरची बनावट असल्याचे आपल्याच शिक्षकांनी लिहून दिले आहे. सात दिवसांत खुलासा न आल्यास अर्ज बाद करण्यात येईल.'"

पडवीत कुणाला काही कळेना. मग रुचिरा हळूच म्हणाली, "त्यांनी यंत्राकडून भाषांतर करून घेतलंय गुरुजी. 'खरी' म्हणजे खरोखरची. आणि 'नक्कल' म्हणजे बनावट."

गुरुजींनी मला हातात घेतले आणि नुसते बघत राहिले. मित्रांनो, तेव्हा मला पत्र्याच्या डब्यात परत जावेसे वाटले. ज्या माणसाने जन्मभर न बघता एक कागद सोडला नाही, त्याच्या सहीवर माझ्यामुळे 'बनावट' लागले होते. आणि त्या पोरीचे शेवटचे वर्ष माझ्या दोन शब्दांत अडकले होते.

नाक्यावर नितेशचे इंटरनेटचे दुकान आहे. नितेश गुरुजींचा जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा. तो आला आणि म्हणाला, "गुरुजी, 'सत्यप्रत' असतं ना, तर हे झालंच नसतं. एका तासात नवा शिक्का करून आणतो. चौदा झेरॉक्स परत मारू, परत पाठवू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," गुरुजी म्हणाले. "त्यांनी खुलासा मागितलाय, कागद बदलायला सांगितलेले नाहीत. मागून कागद बदलले म्हणजे पहिले खोटे होते असं आपणच कबूल केलं. आणि तू काय सांगतोस रे मला शब्द! दहावीला भूगोलाच्या पेपरात तुझ्या मोज्यातनं काय निघालं होतं?"

"गुरुजी, पंचवीस वर्षं झाली त्याला!"

"काय निघालं होतं? नाव सांग."

नितेश खाली मान घालून म्हणाला, "कॉपी."

गुरुजी एकदम थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी शाळेत पाहिलेले होते. अडलेले गणित सुटले की यायचे ते. "रुचिरा, त्या लोकांना लिही, मला त्यांच्याशी बोलायचं आहे."

पाचव्या दिवशी दुपारी साडेतीन वाजता नितेशच्या दुकानात संगणकासमोर गुरुजी कोट घालून बसले, मी समोर टेबलावर. शेजारी रुचिरा. मागे चंपाकाकू आणि नुकतीच खाडीवरून आलेली, अजून पायाला चिखल असलेली हिरा. पडद्यावर एक बाई दिसू लागल्या. चेहरा सभ्य, पण आवाज कोरडा. त्यांनी विचारले की तुमच्या शिक्क्याचा नेमका अर्थ काय.

गुरुजींनी व्याकरण सांभाळत, एकेक शब्द ठेवत इंग्रजीत सांगितले, "बाई, तुमच्या अर्जात तुम्ही 'ट्रू कॉपी' मागितली आहे. आमच्याकडे कॉपी म्हणजे परीक्षेतली चोरी. हा माझा विद्यार्थी साक्षीला आहे. म्हणून आम्ही तुम्हाला विचारलं का, की तुम्ही आमच्याकडे खरी चोरी का मागता?"

नितेशने साक्षीदारासारखी मान हलवली. बाईंच्या ओठांचा कोपरा जरा हलला, पण त्या कागद चाळत राहिल्या. म्हणाल्या, "मी समजू शकते. पण यंत्राने दोन वेळा तेच भाषांतर दिले. मला वरिष्ठांना काहीतरी दाखवावे लागेल."

झाले! परत दाखवा. परत जोडा. रुचिराने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात मागून हिरा म्हणाली, "काय म्हणतेय गो ती?"

"आई, तू गप्प."

"गप्प कशाला? तिला कळत नाय का नक्कल काय ती?" असे म्हणून हिराने दोन्ही हातांनी लेकीला बाजूला केले, आपला गाल तिच्या गालाला लावला आणि पडद्यात बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "हे बघ बाय, ही मूळ. आणि ही माझी खरी नक्कल. आता सांग, ही पोर खोटी हाय काय?"

तेच रुंद कपाळ. तेच हनुवटीवरचे खळगे. तीच रागाने वर गेलेली उजवी भुवई. गुरुजी भाषांतर करायला तोंड उघडणार, तोच त्या बाई मोठ्याने हसल्या. "नको," त्या म्हणाल्या, "मला समजलं." आणि त्यांनी त्या दोघींचा पडद्यावरचा फोटो काढून घेतला.

तुम्हाला वाटेल, संपले. छे! दोन दिवसांनी पत्र आले, सोबत तो फोटो: खुलासा मान्य आहे, फक्त सर्व कागद पुन्हा एकदा कमी आकाराच्या फायलींत पाठवावेत. नितेश जे बोलला ते मी इथे सांगत नाही. जानेवारीत अनुदान मंजूर झाले. मग व्हिसाच्या खिडकीवर मुंबईत रुचिराला विचारले, "यावर हा शिक्का कशाला मारलाय? तुमचीच सही चालते." घरी येऊन तिने हे फक्त चंपाकाकूंना सांगितले.

निघण्याच्या आदल्या दिवशी हिरा एकटी पडवीत आली. तिच्या हातात तोच फोटो होता, नितेशने कागदावर काढून दिलेला. "गुरुजी, यावर मारा."

"हिरा, असं कशावरही मारत नसतात."

"तुम्ही मूळ बघून मारता ना? मग बघा." ती समोर उभी राहिली. आणि दाराबाहेरून तिने रुचिरालाही हाक मारली.

गुरुजींनी चष्मा पुसला. आधी हिराकडे पाहिले, मग रुचिराकडे, मग फोटोकडे. घाई केली नाही. मग मला उचलले.

त्यानंतर मी कुठेच टेकलो नाही. नितेशने दुकानात पाटी लावली आहे, 'परदेशी अर्ज भरून मिळतील', आणि 'संस्थेचे नाव' आले की तो गिऱ्हाइकाला आधी चहा देतो. रुचिरा सहा महिन्यांनी परत आली. कारखान्याने तिची जागा राखली नव्हती. आता ती भाट्याच्या बायकांबरोबर काम करते. पुलाजवळचा एक पट्टा त्यांनी एक वर्ष झाकून ठेवला. बांबू रोवले, भांडणे झाली, आणि यंदा तिथे बोटाच्या पेराएवढ्या तिसऱ्या सापडल्या. आठवी वही सुरू आहे. गुरुजींचा हात आता थरथरतो, म्हणून ते सही करत नाहीत. पण कुणी कागद दाखवायला आले तर दोन्ही बोटे अजून ओळीओळीने खाली येतात. चंपाकाकूंनी वेलची कुटायला नवा बत्ता घेतला. मला विचारून नव्हे, पण घेतला. हिरा अजून खाडीत जाते.

मित्रांनो, घरातले जुने शिक्के, जुने शब्द टाकून देण्याआधी एकदा पुसून पाहा. आणि दुसऱ्याच्या शब्दाला खोटे म्हणण्याआधी तो शब्द वापरणाऱ्या माणसाला विचारा. मी उलटा आहे तो फक्त माझ्या अंगावर.

तो फोटो हिराच्या घरात, चुलीच्या वरच्या भिंतीवर आहे. धुराने आणि खाऱ्या वाऱ्याने कडा पिवळ्या पडल्या आहेत. खाली कोपऱ्यात मी आहे, जांभळा, जरासा तिरका. गुरुजींचा हात तेव्हाच थोडा हलला होता. पण त्यांनी दोघींनाही नीट पाहिले होते, मगच मारला.